दलाल आणि वशिला

गेल्या पंधरवड्यांत आमच्या माजघरांत दोन शब्दांवरून बरीच हुज्जत झाली. धाकट्या पुतण्याला एका कचेरींत जागा मिळेना, म्हणून तो त्राग्यानें म्हणाला, "वशिल्यावांचून हल्लीं पान हालत नाहीं." थोरला पुतण्या वडिलोपार्जित जमिनीचा एक तुकडा विकावयास निघाला आहे, त्यानें री ओढली, "आणि दलालावांचून सातबारा हालत नाहीं." त्यांच्या मातोश्रींनीं पोळ्या लाटतां लाटतां निकाल देऊन टाकला, "वशिला काय नि दलाल काय, दोन्ही मधल्यामध्यें लोणी खाणारे!" सगळे हंसले. मी मात्र हंसलों नाहीं. न हंसण्याचें कारण माझ्यापाशीं आहे. परंतु तें आधीं सांगितलें तर वाचक मला पुढचें कांहीं सांगूंच देणार नाहींत, म्हणून तें लेखाच्या शेवटाकडे सांगेन.

या सदराच्या जुन्या वाचकांना माझी खोड ठाऊक आहे. एखादा शब्द घरांत वारंवार कानीं पडूं लागला कीं त्याचें कूळ शोधल्यावांचून मला चैन पडत नाहीं. हे दोन्ही शब्द आपल्याकडे अरबींतून फारशीच्या वाटेनें आले. मुसलमानी अमदानींतील दप्तरांतून वकील, जामीन, अमानत, हवाला असे जे शेंकडों शब्द मराठींत उतरले, त्यांच्याच पंगतीला हेहि बसले. 'वशिला' म्हणजे मूळचा 'वसीला'. ज्याच्या योगें एखाद्याच्या जवळ जातां येतें तें साधन, असा त्याचा अर्थ. 'दलाल' या शब्दाचा धातु 'वाट दाखविणें' या अर्थाचा आहे. पुराव्याला आणि वाटाड्याला अरबींत जो 'दलील' शब्द आहे, तो त्याचाच सख्खा भाऊ. म्हणजे एक जवळ नेणारा आणि दुसरा वाट दाखविणारा. इतक्या कुलीन शब्दांना आपण शिवीची कळा कां आणली? कीं ती कळा त्यांनीं आपल्याच आचरणानें ओढवून घेतली?

हा प्रश्न घेऊन मी माझ्या एका जुन्या मित्रांकडे गेलों. ते आमच्या गांवच्या उर्दू शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. घरीं आपल्यासारखीच कोंकणी वळणाची मराठी बोलणारे, आणि अरबी ग्रंथ मुळांतून वाचणारे. मी त्यांना 'हेडमास्तर' म्हणतों. ते मला थट्टेनें 'शास्त्रीबुवा' म्हणतात. खाडीवरच्या जुन्या धक्क्यावर संध्याकाळीं आमची बैठक असते. त्या दिवशींचें संभाषण आणि मागाहून घरीं येऊन चाळलेलीं पुस्तकें, या दोहोंचें सार पुढें देत आहें.

प्रथम धर्माची गोष्ट घेऊं. इस्लामांत पुरोहित नाहीं, हें आपण ऐकलेलें असतें. पण त्याचा अर्थ फारसा मनांत उतरलेला नसतो. नमाज पढविणारा इमाम हा दीक्षा घेतलेला पुरोहित नव्हे. जमलेल्यांपैकीं ज्याला कुराण नीट म्हणतां येतें असा कोणीहि जाणता पुरुष पुढें उभा राहूं शकतो. पापाची कबुली ऐकून घेऊन क्षमा देणारा अधिकारी तेथें नाहीं. निकाह हा करार आहे. प्रस्ताव, स्वीकार आणि साक्षीदार यांनीं तो पुरा होतो. काझी खुतबा वाचतो आणि वहींत नोंद करतो, परंतु त्याच्या मंत्रामुळें विवाह सिद्ध होतो असें नाहीं. आपल्याकडच्या मुसलमान घरांत वधूची संमति विचारावयास जो आंत जातो, त्याला 'वकील' म्हणतात. तिचा होकार जसाच्या तसा बाहेर आणून सांगितला कीं त्याचें काम संपलें. त्यांत एक अक्षर अधिक घालण्याचा अधिकार त्याला नाहीं.

ईश्वर जवळच आहे आणि हांक मारणाऱ्याची हांक तो ऐकतो, असा कुराणाच्या दुसऱ्या सुरेंतील १८६ व्या आयतीचा आशय आहे. या आयतीसंबंधीं हेडमास्तरांनीं भाष्यकारांनीं टिपलेली एक मार्मिक गोष्ट मला दाखविली. कुराणांत 'लोक तुला अमुक विचारतात' अशा वळणाच्या आयती पुष्कळ आहेत, आणि बहुतेक ठिकाणीं त्यांच्या पाठोपाठ प्रेषिताला उद्देशून 'तूं सांग' असा शब्द येतो. चंद्रकला, दारू, जुगार, कशाविषयींहि प्रश्न असो, उत्तर प्रेषिताच्या मुखानें द्यावयाचें. परंतु भक्तांनीं खुद्द ईश्वराविषयीं विचारलें असतां काय, हें सांगणाऱ्या या एका जागीं 'तूं सांग' हा शब्दच नाहीं. उत्तर थेट येतें. प्रेषितसुद्धां जणूं क्षणभर बाजूला होतो. मी चाळीस वर्षें मुलांना व्याकरण शिकविलें. पण एक शब्द गाळल्यानें केवढा सिद्धांत उभा राहतो, याचा असा नमुना फार थोड्या वेळां पाहिला.

अरबस्तानांतील मूर्तिपूजक आपल्या देवतांविषयीं म्हणत कीं, या आम्हांला परमेश्वराच्या जवळ नेतात म्हणून आम्ही यांना भजतों. ३९ व्या सुरेच्या आरंभीं या समर्थनाचा उल्लेख आणि धिक्कार दोन्ही आहेत. म्हणजे मध्यस्थाचा प्रश्न हा इस्लामांतील कडेचा प्रश्न नव्हे. तो अगदीं गाभ्याचा प्रश्न आहे.

आणि तरीहि गंमत अशी कीं, आपला 'वशिला' ज्याच्या पोटीं जन्मला तो 'वसीला' शब्द कुराणांतच आहे. पांचव्या सुरेच्या ३५ व्या आयतींत श्रद्धावंतांना ईश्वराकडे जाण्याचा वसीला शोधण्याची आज्ञा आहे. आतां वसीला म्हणजे काय? पुष्कळ भाष्यकार म्हणतात, सदाचरण आणि आज्ञापालन हाच वसीला. सूफी पंथांचे अनुयायी म्हणतात, गुरु म्हणजे पीर हाहि वसीला होऊं शकतो. शिया पंथांत इमामांचें स्थान तर फारच मोठें आहे. या एका शब्दावरून केवढीं वादळें उठलीं ! दमास्कसचा पंडित इब्न तैमिया (मृत्यु १३२८) यानें कबरींपाशीं जाऊन मृतांची मदत मागण्यावर कडक टीका केली. अठराव्या शतकांत अरबस्तानांत मुहंमद इब्न अब्दुल वहाब (१७०३ ते १७९२) यानें तोच झेंडा उभारला. आपल्या देशांत देवबंदचें विद्यालय १८६६ सालीं निघालें, तेथील पंडितांनीं दर्ग्यांवरील अतिरेकाला विरोध केला; बरेलीचे अहमद रझा खान (१८५६ ते १९२१) यांनीं प्रेषितांच्या आणि संतांच्या मध्यस्थीची परंपरा हिरिरीनें उचलून धरली. हा वाद मिटलेला नाहीं.

लोकांनीं मात्र पंडितांची वाट पाहिली नाहीं. माहीमच्या मखदूम अली माहिमी यांना जाऊन (१४३१) सहाशें वर्षें होत आलीं; तरी त्यांच्या उरुसाला मुंबईचे पोलीस मानानें चादर घेऊन जातात, आणि नवस बोलणाऱ्यांत हिंदूहि पुष्कळ असतात. हेडमास्तर स्वतः कबरीपुढें नवस बोलत नाहींत. पण बोलणाऱ्याला हंसतहि नाहींत. मी त्यांना छेडलें, "मग तुमच्या मतें पीर हवा कीं नको?" त्यांनीं खाडीकडे बोट केलें. पलीकडच्या तीराहून तर येत होती. "शास्त्रीबुवा, पूल झाला नव्हता तेव्हां या नावाड्यावांचून कोणाचें चालत होतें? तो पैलतीरीं उतरवी आणि परत फिरे. असला पीर मला मान्य आहे. पण भर पाण्यांत नांगर टाकून जो म्हणेल कीं आतां येथेंच रहा, मलाच वल्हें मारीत बसा, त्याच्या होडींत मी पाय ठेवणार नाहीं."

आपल्या वाचकांनीं हें वाचून दुसऱ्याच्या घरच्या भांडणाचें कौतुक करीत बसूं नये. उतारू अडवून धरणारे नावाडी आपल्याहि घाटावर कांहीं कमी झाले नाहींत. पंढरपुरास बडवे आणि उत्पात यांचे परंपरागत हक्क रद्द करणारा कायदा १९७३ सालीं झाला. तो न्यायालयांतून पार पडून २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें विठोबा आणि वारकरी यांच्यामधली ती जुनी भिंत निघाली. पुरोहित या शब्दाचा अर्थ 'पुढें ठेवलेला' असा आहे. पुढें ठेवलेला मनुष्य वाटहि दाखवूं शकतो आणि दारहि अडवूं शकतो. दोन्हींसाठीं उभें राहण्याची जागा एकच.

आतां बाजाराकडे वळूं. इस्लामाचा जन्म व्यापारी गांवांत झाला. मक्केचें पोट उंटांच्या काफिल्यांवर चाले. खुद्द मुहंमद पैगंबर तरुणपणीं खदीजाबाईंचा माल घेऊन सिरियाकडे गेले होते. म्हणजे दुसऱ्याच्या भांडवलावर व्यापार करणाऱ्या विश्वासू मध्यस्थाचें काम त्यांनीं स्वतः केलेलें होतें. त्यामुळें धर्मांत जसा मध्यस्थ नाकारला तसा बाजारांत सरसकट नाकारला असें झालें नाहीं. बाजारांत त्याला अटी घातल्या, आणि त्या अटी मोठ्या विचार करण्याजोग्या आहेत.

बुखारी आणि मुस्लिम यांच्या हदीस-संग्रहांत दोन निषेध आढळतात. पहिला असा कीं, गांवाकडे येणाऱ्या काफिल्याला वेशीबाहेर गांठून, त्याला बाजारभाव कळण्यापूर्वीं त्याचा माल घेऊं नये. आणि तसा घेतलाच, तर बाजारांत पोंचून खरा भाव कळल्यावर तो सौदा मोडण्याचा हक्क माल विकणाऱ्याला राहील. दुसरा असा कीं, शहरवासीयानें वाळवंटांतून आलेल्या माणसाचा माल त्याच्या वतीनें विकूं नये. याचा अर्थ इब्न अब्बास यांना विचारला, तेव्हां त्यांनीं सांगितलें कीं, शहरवासीयानें त्याचा 'सिमसार' होऊं नये. सिमसार म्हणजे दलाल. पुढील धर्मशास्त्रकारांनीं दलालीच्या मजुरीला सामान्यतः मान्यता दिली. मात्र या दोन निषेधांतील मर्म सोडलें नाहीं. दुसऱ्याच्या अज्ञानावर जी मिळकत होते, ती त्यांना खटकली. श्रमावर होते ती नव्हे.

तिसरा एक निषेध ऐकून मला आमच्या आंब्याची आठवण झाली. झाडावरचें फळ तयार होण्याच्या खुणा दिसण्यापूर्वीं तें विकूं नये, असें हदीस सांगते. आमच्याकडे मोहोर धरला न धरला तोंच बाग खंडून घेणारे येतात. गरजू बागायतदार दोन पैसे आगाऊ मिळतात म्हणून बाग देतो. पुढें आंबा आला तर घेणाऱ्याचें उखळ पांढरें, आणि गळला तर भांडणाला तोंड. मुंबईच्या बाजारांत रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरविण्याची रीत होती, तीहि मी लहानपणीं पाहिली आहे. विकणारा शेजारीं उभा असे आणि त्याच्याच आंब्याचा भाव त्याला दिसत नसे. तेराशें-चौदाशें वर्षांपूर्वीं मदीनेच्या बाजारांत ज्यानें वेशीबाहेरचा सौदा मना केला, त्याला तो रुमाल पाहून काय वाटलें असतें !

पण या सर्वांत मला आवडली ती अबू दाऊद आणि तिर्मिझी यांच्या संग्रहांतली एक छोटी गोष्ट. मदीनेच्या बाजारांतील लोकांना सिमसार म्हणत. पैगंबर तेथें आले आणि त्यांनीं त्या लोकांना 'व्यापारी' असें अधिक चांगलें नांव देऊन हांक मारली. नांव मोठें दिलें आणि लगेच जबाबदारीहि दिली. देवघेवींत पोकळ बोलणें आणि शपथा शिरतात. यासाठीं तिच्यांत दानाची मिसळ करीत जा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. पोकळ बोलणें शिरूं नये असें ते म्हणाले नाहींत. तें शिरतेंच, हें त्यांनीं गृहीत धरलें. हा बारकावा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. मला तो पुढें लागणार आहे.

आतां पैशाच्या मध्यस्थाविषयीं. व्याज निषिद्ध आणि व्यापार विहित, हा कुराणाचा नियम सर्वांस ठाऊक आहे. मग ज्याच्यापाशीं पैसा आहे पण कसब नाहीं, आणि ज्याच्यापाशीं कसब आहे पण पैसा नाहीं, त्या दोघांनीं एकत्र कसें यावें? यासाठीं 'मुदारबा' नांवाचा करार आहे. एकानें भांडवल द्यावें, दुसऱ्यानें राबावें, आणि नफा आधीं ठरलेल्या प्रमाणांत वांटून घ्यावा. तोटा आला तर भांडवल भांडवलवाल्याचें बुडेल आणि राबणाऱ्याचे श्रम बुडतील. परंतु राबणाऱ्यानें हयगय केली, किंवा ठरलेल्या अटी मोडल्या, तर नुकसान त्यानें भरून द्यावें. व्याजावर रक्कम देणारा सावकार दुसऱ्याचें गलबत बुडालें तरी आपला हप्ता मागतो. मुदारब्यांत दोघेहि एकाच गलबतांत बसलेले असतात.

विसाव्या शतकांत या कल्पनेवर पेढ्या निघाल्या. ईजिप्तमध्यें नाईलच्या त्रिभुज प्रदेशांतील मीत गम्र या गांवीं १९६३ सालीं अहमद अल्-नज्जार यांनीं खेडुतांसाठीं एक बचतपेढी काढली. ते जर्मनींत शिकलेले, आणि तेथील बचतपेढ्यांचा नमुना त्यांच्या डोळ्यांपुढें होता. ती थोड्याच वर्षांत बंद झाली, पण बीज राहिलें. त्याच सुमारास मलायांत हज यात्रेसाठीं पैपै सांठविणाऱ्यांची रक्कम व्याजावांचून वाढावी म्हणून एक संस्था उभी राहिली. उंगकू अझीझ या अर्थशास्त्रज्ञांनीं तिची कल्पना १९५९ सालीं मांडली होती. १९७५ सालीं जेद्दा येथें इस्लामी विकास बँक आणि दुबईंत इस्लामी बँक सुरू झाली. तत्त्व असें कीं, ठेवीदार बँकेशीं मुदारबा करील, आणि बँक उद्योजकाशीं मुदारबा करील. मधला मनुष्य दोन्ही बाजूंनीं नफ्यातोट्याच्या दोरीनें बांधलेला.

तत्त्व असें, व्यवहार मात्र वेगळा झाला. हेडमास्तर या बाबतींत आपल्या लोकांची भीड ठेवीत नाहींत. बहुतेक बँकांचा मोठा व्यवहार मुदारब्याचा नाहीं, 'मुराबहा'चा आहे. गिऱ्हाइकाला यंत्र हवें असेल तर बँक तें विकत घेते आणि आपला नफा उघड सांगून हप्त्यांनीं त्याला विकते. हें ग्राह्य आहे. पण एका अटीवर. मधल्या काळांत तें यंत्र खरोखर बँकेच्या मालकीचें असलें पाहिजे, आणि तें मोडलें, जळलें तर नुकसान बँकेचें झालें पाहिजे. तेवढा धोका डोक्यावर घेतला म्हणून तिचा नफा व्यापाऱ्याचा. नाहीं तर तें दुसऱ्या नांवानें व्याजच. व्यवहारांत ही मालकी पुष्कळदां कागदावर घटकाभराची असते. पुढें तर रोख पैसा हवा असणाऱ्याला धातूसारखा माल उधार विकावयाचा आणि लगेच त्याच्या वतीनें तिसऱ्याला रोखीनें विकून पैसा हातीं द्यावयाचा, असे संघटित प्रकार निघाले. याला 'तवर्रुक' म्हणतात. माल गोदामांतून हालतहि नाहीं, आणि गिऱ्हाइकाला तो दिसतहि नाहीं. मुसलमान राष्ट्रांच्या संघटनेच्या धर्मशास्त्र-परिषदेनें २००९ सालीं शारजा येथें असा संघटित तवर्रुक अग्राह्य ठरविला.

याहून वाईट प्रकार म्हणजे धर्मांतला वाटाड्या पैशांतल्या वाटाड्याची ग्वाही देऊं लागतो तेव्हां होतो. ईजिप्तमध्यें १९८० नंतरच्या दशकांत इस्लामी म्हणविणाऱ्या गुंतवणूक-पेढ्यांचें पेव फुटलें. आखाती देशांत राबणाऱ्या मजुरांनीं दरसाल शेंकडा वीसांहून अधिक नफ्याच्या आशेनें आपली कमाई त्यांत ओतली. दाढ्या होत्या, जपमाळा होत्या, नामांकित शेखांचीं नांवें होतीं. १९८८ सालीं सरकारनें कायदा करून हिशेब मागितला, आणि त्यांतल्या मोठ्या पेढ्या कोसळल्या. आपल्या देशांत रिझर्व बँकेनें इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढें न नेण्याचें ठरविल्याचें २०१७ सालीं जाहीर झालें. पण 'हलाल' नफ्याचें आमिष दाखविणारी बंगळूरची एक पेढी २०१९ सालीं बुडाली, तेव्हां हजारों साध्यासुध्या कुटुंबांची पुंजी तिच्यांत अडकली होती. ज्या धर्मानें ईश्वराच्या दारांत मध्यस्थ नको म्हटलें, त्याच्याच अनुयायांना पैशाच्या दारांत धर्माचा वशिला दाखवून फसवावें, यापरतें वैपरीत्य कोणतें?

येथवर वाचून कोणी म्हणेल, "आपलें बरें आहे, आपण सरळ सरकारी बँकेंत पैसे ठेवतों." मीहि असेंच म्हणत होतों. आतां माझी गोष्ट सांगतों.

आमच्या घरीं अठरा वर्षें स्वयंपाकाला येणाऱ्या एक काकू आहेत. लवकर वैधव्य आलेल्या, स्वाभिमानी. चार वर्षांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी कोणत्याशा बचत-योजनेचा प्रतिनिधि म्हणून आमच्या ओटीवर आला. मी कांहीं पैसे गुंतविले नाहींत. मला निवृत्तिवेतन पुरतें. तो जावयास निघाला तेव्हां काकू स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या होत्या. त्यांनीं मला विचारलें, "गुरुजी, मुलगा तुमच्या ओळखीचा आहे ना?" मी म्हणालों, "माझ्या हाताखालून गेला आहे. सरळ आहे." एवढेंच. सहा शब्द. त्या सहा शब्दांवर काकूंनीं ऐंशीं हजार रुपये त्याच्या हवालीं केले. घराचें छप्पर नवें करावयाचें होतें, त्यासाठीं सांठविलेले. दोन वर्षांनीं योजनेच्या कचेरीला कुलूप लागलें. मुलगा खरोखरच सरळ होता. त्याच्या आईचेहि पैसे त्यांतच गेले. पण त्याला दर ठेवीमागें अडत मिळत होती, हें मला माहीत होतें, आणि ती योजना काय आहे हें मीं विचारलें नव्हतें. काकू या विषयावर मला एक अक्षर बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं नेहमींच्या वेळीं आल्या आणि भाकऱ्या थापूं लागल्या. माजघरांत मधल्यामध्यें लोणी खाणाऱ्यांचा विनोद चालला होता, तेव्हां त्या चुलीपाशींच होत्या. म्हणून मला हंसूं आलें नाहीं.

मुलांना विचारलें, तर तीं म्हणालीं, "तुम्ही कोठें सही केली होती? कायद्यानें तुमच्यावर कांहीं येत नाहीं." तें खरेंच. पण ज्यानें जन्मभर संस्कृत शिकविलें त्याला निजतांना दुसरेंच पुस्तक आठवतें. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत जामीन राहणाऱ्याला 'प्रतिभू' म्हटलें आहे, आणि त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. ऋणकोला हजर करीन म्हणणारा पहिला. हा विश्वासू आहे अशी खात्री देणारा दुसरा. यानें न दिलें तर मी देईन म्हणणारा तिसरा. पहिल्या दोघांचें बोलणें खोटें ठरलें तर त्यांनीं स्वतः भरावें. तिसऱ्याचें देणें मात्र त्याच्या मुलांवरहि येतें. मी दुसरा. सही नसेल, प्रत्यय मीं दिला होता.

ही गोष्ट मीं हेडमास्तरांना धक्क्यावर सांगितली, आणि विचारलें, "तुमच्या शास्त्रानें मी कोण?" ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "आमच्या फिकहप्रमाणें 'मी हमी घेतों' असें स्पष्ट बोलल्यावांचून कोणी जामीन होत नाहीं. तुम्ही जामीन नव्हे. तुम्ही फक्त दलील, वाट दाखविणारे." मला जरा हायसें वाटतें आहे तोंच ते पुढें म्हणाले, "मात्र त्या सिमसारांची गोष्ट आठवा. तुमच्या बोलण्यांत पोकळपणा शिरला, शास्त्रीबुवा. आतां त्यांत दानाची मिसळ करा."

दान हा शब्द मला पटला नाहीं. दान दिलें कीं देणारा वर चढतो आणि घेणारा खालीं उतरतो. हें देणें होतें. घरीं येऊन मीं माझा बेत सांगितला: दरमहा दोन हजार, चाळीस महिने. मुलें म्हणालीं, घरच्या सामाईक पैशांतून एकदम देऊन टाकूं. मीं नको म्हटलें. स्मृतिकार दुसऱ्या प्रकारच्या प्रतिभूच्या मुलांना मोकळें ठेवतात. तेव्हां माझ्या जिभेचें देणें माझ्या निवृत्तिवेतनांतून आणि माझ्या हयातींतच फिटलें पाहिजे. थोरला पुतण्या हळूच म्हणाला, "काका, चाळीस महिने म्हणजे..." मीं म्हटलें, "होय, तेवढें जगण्याला आतां एक कारण झालें."

या लेखाचें सार मला दोन वाक्यांपलीकडे सांगतां येत नाहीं. मध्यस्थ हा धर्मांत असो, बाजारांत असो कीं ओटीवर असो, त्याच्या नांवावरून किंवा दाढी-शेंडीवरून त्याची परीक्षा करूं नये. वाट चुकली तर याचें स्वतःचें काय बुडतें, एवढें विचारावें. ज्याचें कांहींच बुडत नाहीं त्याचा शब्द फुकट असतो, आणि फुकट शब्दावर गरीब माणूस आपलें छप्पर पणाला लावतो. माझ्या वयाच्या, चार माणसांत ज्यांच्या शब्दाला मान आहे अशा वाचकांना मी विशेषतः हें सांगतों. 'ओळखीचा आहे' म्हणण्यापूर्वीं आपण स्वतःला दलाल म्हणवून घेण्यास तयार आहों काय, हें मनाशीं पाहावें.

पहिल्या महिन्याचा लिफाफा मीं काकूंच्या हातीं दिला, तेव्हां काय बोलावें तें मला सुचलें नाहीं. त्यांनीं तो उघडून पाहिला, पैसे मोजले, पदराच्या टोंकाला बांधले आणि विचारलें, "गुरुजी, आज भाजी कोणती करूं?"